पंतांनी उचललेला विडा

रावपुऱ्यातल्या पोतनिसांच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळे, मग चहा, आणि चहा संपायच्या आत श्रीकृष्णपंतांची गोष्ट. पाणी नको म्हणता येई, चहाही टाळता येई, पण गोष्टीतून आजवर कुणी सुटल्याचं ऐकिवात नाही.

बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या वर भिंतीवर एक मोठं तैलचित्र होतं. दीडशे वर्षांपूर्वी बडोद्यात येऊन राहिलेल्या कुणा इटालियन चित्रकाराने काढलेलं. गादीवर सरदार उदयसिंहराव बसलेले, समोर किंचित वाकून त्यांचे कारभारी श्रीकृष्णपंत पोतनीस उभे, आणि दोघांच्या हातांमध्ये एक विडा. बाकी सगळा अंधार. समईची काजळी, उदबत्तीचा धूर आणि पोतनिसांच्या पाच पिढ्यांचं कौतुक त्या चित्रावर साचून साचून पंतांचा चेहरा असा करारी झाला होता, की लहान मुलं त्या खोलीत एकटी झोपायला तयार नसत.

रघुनाथराव पोतनीस हे पंतांचे खापरपणतू. वय अडुसष्ट, सरकारी कचेरीतून निवृत्त, हुद्दा बेताचा पण आवाज दरबारी. चित्राखाली उभे राहून ते सांगत, "भर दरबारात कुणाची छाती होईना, तेव्हा आमच्या पंतांनी विडा उचलला. आणि पोतनिसांनी एकदा विडा उचलला की मागं फिरणं नाही!"

पाहुण्यांना हे वाक्य ऐकून गंमत वाटे. घरातल्या एका माणसाला मात्र ते फार जड गेलं होतं. ते माणूस म्हणजे त्यांची मुलगी आभा. सी.ए.च्या शेवटच्या परीक्षेत ती चार वेळा नापास झाली होती. दुसऱ्या खेपेनंतर ती म्हणाली होती, "बाबा, मला नाही जमत. अलकापुरीतल्या शाळेत गणित शिकवायला बोलावतायत. मी जाऊ?" रघुनाथरावांनी तिला हाताला धरून चित्रासमोर नेलं आणि पाहुण्यांना ऐकवायचं वाक्य तिला ऐकवलं. आभाने खोलीत जाऊन पुस्तक उघडलं, ते अजून मिटलं नव्हतं. हसणं-बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. हे रघुनाथरावांना दिसत नव्हतं असं नाही. दिसायचं, रात्री झोपही लागत नसे. पण टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं म्हणून ते कूस बदलत. आता मे महिन्याच्या परीक्षेसाठी नाव नोंदवायची मुदत शनिवारी संपत होती, आणि आभाने अजून नाव नोंदवलं नव्हतं.

अशात मांडवीजवळच्या नव्या कलादालनातून फोन आला. एका जुन्या इमारतीत ते दालन उघडायचं होतं, आणि त्यासाठी पोतनिसांनी आपलं चित्र तीन महिन्यांपूर्वी स्वच्छ करायला दिलं होतं. फोनवर देवश्री होती. कलेचा इतिहास शिकलेली, दालनाचं सगळं काम बघणारी, बोलायला गोड मुलगी. "चित्र साफ झालंय, काका. येऊन बघा ना. खालच्या पाटीवर काय लिहायचं तेही ठरवून टाकू."

"आभाला घेऊन जा हो," त्यांच्या पत्नी उषाताई म्हणाल्या. "चार भिंतींच्या बाहेर तरी पडेल पोर."

खंडेराव मार्केटच्या गर्दीतून रिक्षा रडतखडत मांडवीला पोचली. दारावरच्या वॉचमनने "आवो काका, बेन, जोडा अहीं काढजो," म्हणून दोघांना चपला काढायला लावल्या. आत देवश्रीबरोबर एक उंच, पिकल्या केसांची परदेशी बाई उभी होती. "ह्या पावला. इटलीहून आल्यात. आपल्या चित्रकाराचाच अभ्यास करतात," देवश्रीने सांगितलं. पावलाबाईंनी छान नमस्कार केला. त्या इंग्रजीत बोलत, आणि अडेल तिथे देवश्री मराठी करून सांगे.

रघुनाथरावांनी चित्राकडे पाहिलं आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. हे त्यांचं चित्रच नव्हतं. अंधार कुठे गेला? गालिचा लालभडक, मागे खिडकी, खिडकीत चक्क निळं आभाळ. काळ्या बंडीतले पंत मोतिया अंगरख्यात उभे. कडेला एक तिसराच माणूस उगवला होता, हातात काहीतरी चांदीचं धरून. हा इतकी वर्षं काजळीखाली दबा धरून बसला होता की काय?

"फार सुंदर आहे," पावलाबाई म्हणाल्या. "हातावरचा हा उजेड बघा. आमच्याकडे चर्चमधल्या चित्रांत असाच हात, असाच उजेड येतो. देव एखाद्याला मोठ्या कामासाठी हाक मारतो, तेव्हा. हा चित्रकार तीच चित्रं बघत लहानाचा मोठा झाला."

रघुनाथरावांचा जीव भांड्यात पडला. "बघ आभा! सातासमुद्रापलीकडच्या बाईंना कळलं. मोठ्या कामासाठी हाक! म्हणजेच विडा उचलणं. लिहा देवश्री, 'श्रीकृष्णपंत दरबारात विडा उचलताना'."

देवश्रीने पेन हातात घेतलं, पण लिहिलं काही नाही. "काका, कशाचा विडा? म्हणजे कोणतं काम होतं?"

इतका साधा प्रश्न, पण तो आजवर कुठल्या पाहुण्याने विचारला नव्हता. बिचाऱ्यांचं लक्ष चहाकडे असे. रघुनाथरावांचे वडील सांगत, दुष्काळात धान्य आणायचा विडा. प्रेमलाआत्या सांगे, दरोडेखोर पकडायचा. आणि आई तर विश्वामित्री नदीच्या पुरात मगरींमधून निरोप पोचवल्याचं सांगत. तेव्हा रघुनाथरावांनी तिन्ही कामं सांगून टाकली. एकाच विड्यावर पंतांनी दुष्काळ, दरोडेखोर आणि मगरी असं सगळंच निस्तरलेलं ऐकून देवश्री ओठ चावत राहिली.

"काका, राग मानू नका हं," ती म्हणाली. "पण उचलायचा विडा तबकात ठेवलेला असतो. ज्याच्यात धमक असेल त्याने पुढं होऊन तो स्वतः उचलायचा, म्हणून तर 'उचलणं' म्हणतात ना? इथे तबक कुठेय? उदयसिंहराव स्वतःच्या हाताने विडा देतायत. पंत नुसते घेतायत."

रघुनाथरावांनी डोळे बारीक करून पाहिलं. तबक नव्हतं. सरदारांचा हात वर होता, पंतांची ओंजळ खाली. अडुसष्ट वर्षं रोज बघितलेलं चित्र, आणि कोण देतंय, कोण घेतंय, एवढंही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"आणि हा कडेचा माणूस. त्याच्या हातात गुलाबदाणी आहे. अत्तर, गुलाब आणि विडा. दरबारात हे तीन कधी देत? भेट संपली की. निरोपाचे विडे, काका. 'आता या आपण' असं तोंडाने म्हणायचं नाही, म्हणून."

"हा ध चा मा झाला!" रघुनाथराव कडाडले. खरं म्हणजे रघुनाथ नावाच्या माणसाने ही म्हण जरा जपूनच वापरावी, पण रागात कुणाला सुचतं? "अहो, म्हणजे पंतांना काढून टाकलं म्हणता?"

"तसंही नाही. नोकरीचा निरोप असेल, नाही तर नुसता त्या दिवसाच्या भेटीचा. तेवढं चित्र सांगत नाही."

"म्हणजे दीडशे वर्षं आम्ही 'या आता' एवढंच भिंतीवर टांगून ठेवलं?"

रघुनाथराव आशेने पावलाबाईंकडे वळले. त्यांना सगळं समजावून सांगितल्यावर त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "मला पान माहीत नव्हतं. मी फक्त हात आणि उजेड वाचला. चित्रकारानेही कदाचित तेच केलं असेल. समोर चालला होता निरोप, आणि त्याच्या बोटांना सवय होती हाक रंगवायची." त्यांनी देवश्रीकडे पाहिलं. "किंवा देवश्री चुकत असेल. किंवा मी."

आता मात्र रघुनाथरावांचं डोकं गरगरायला लागलं. एक म्हणते हाक, दुसरी म्हणते निरोप, आणि दोघीही वर म्हणतात की नक्की सांगता येत नाही. शिकलेल्या माणसांनी निदान आपापसांत तरी एक ठरवून यावं! ते चित्राच्या जवळ गेले, लांब गेले, चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. जवळून हाक वाटे, लांबून निरोप वाटे. लहानपणी खेळलेलं तळ्यात-मळ्यात ह्या वयात पुन्हा नशिबी आलं होतं, आणि ह्यावेळी खेळ संपत नव्हता.

"बाबा," मागून आभा म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "ते हसतायत."

"कोण?"

"पंत."

तिघेही वाकले. काजळी निघाल्यावर पंतांच्या मिशीखाली ओठ दिसू लागले होते, आणि ओठांचा एक कोपरा वर गेलेला होता. इतकी वर्षं ज्याला करारीपणा म्हणत होते तो धुराचा थर निघाला. सरदार उदास, मान बाजूला वळवलेली, आणि समोर हे गृहस्थ गालातल्या गालात हसतायत.

"सुटले बिचारे," आभा हळूच म्हणाली.

"हसतायत का खरंच?" रघुनाथरावांनी देवश्रीला विचारलं.

"मलाही तसंच वाटतं, पण ओठाशी रंग जरा उडालाय. खात्रीने नाही सांगता यायचं."

पावलाबाईंनी खांदे उडवले. तिकडच्या चित्रांत असं हसू विनयाचं असतं, पण इकडे कशाचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं.

रघुनाथराव चित्राकडे बघून थकले होते, म्हणून त्यांनी मान वळवली, आणि त्यांची नजर आभावर गेली. ती अजून पंतांकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्यांना आधी ओळखता आलं नाही. मग ओळखलं, आणि ते हादरले. आभाला हेवा वाटत होता. अठ्ठावीस वर्षांची धडधाकट मुलगी, तिला दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका कारभाऱ्याचा हेवा वाटत होता, का, तर त्याला कुणीतरी हातात विडा देऊन 'जा' म्हणालं होतं. पंतांचा चेहरा वाचायला तीन माणसं आणि दोन देश लागले, तरी तो नीट लागला नाही. हा चेहरा वाचायला कुणी लागत नव्हतं. तो रोज समोर जेवायला बसत होता. रघुनाथरावांना स्वतःची लाज वाटली.

"देवश्री," ते म्हणाले, "लिहा. 'श्रीकृष्णपंत पोतनीस निरोपाचा विडा घेताना'."

"नक्की, काका? 'बहुधा' घालू का मध्ये?"

"घाला. पण निरोपच लिहा."

देवश्री लिहायला टेबलाकडे गेली. पावलाबाईही समजून लांब झाल्या. रघुनाथरावांनी घसा साफ केला, पण दरबारी आवाज काही निघाला नाही. "आभा, मे महिन्याला बसू नकोस. शाळेत विचार, जागा आहे का अजून."

त्यांना वाटलं होतं, ती हसेल. निदान हात तरी धरेल. आभा त्यांच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचे डोळे भरले ते रागाने.

"चित्र पुसलं म्हणून?" ती म्हणाली. "आणि नसतं पुसलं तर? मग मी अजून किती वेळा बसायचं होतं, बाबा?"

रघुनाथरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पाच वेळा म्हणावं, सहा म्हणावं, की काय म्हणावं? खरं उत्तर त्यांना ठाऊक होतं. तिथल्या बाकावर ते बसले आणि मान खाली घालून म्हणाले, "पास होईपर्यंत."

आभाने डोळे पुसले. ती त्यांच्या शेजारी बसली नाही, आणि निघूनही गेली नाही.