निंबगव्हाण हॉल्टचं आख्यान

गाडी बंद होणार ही बातमी निंबगव्हाणात आली, त्या दिवसापासून कुंताबाईच्या जिवाला थारा नव्हता. हात वाफ्यात आणि कान रुळांकडे. पुलगाव-आर्वीच्या छोट्या लाईनीवरचा त्यांचा हॉल्ट म्हणजे एक कडुनिंब, एक पाटी आणि तिकिटं देणाऱ्या तानबाची टपरी. रिकामे डबे सरकारनं किती दिवस ओढायचे, असं म्हणे वर विचारत होते. आधी हॉल्ट जाईल, मग गाडीच जाईल, असं तानबा सांगे.

नवरा जाऊन सात वर्षं झालेली, मूलबाळ नाही. वाडीतली वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, दोन टोपल्यांत भरून कुंताबाई रोज सकाळच्या गाडीनं पुलगावला न्यायची. मोटारवाला टोपल्या घेत नसे आणि अधू गुडघा तीन कोस चालू देत नसे. गाडी गेली की वाडी गेलीच.

रेल्वेचा एक बाबू उतारू मोजायला येणार असं कळलं, तेव्हा पुंडलिकराव पाटलांनी डोकं चालवलं. कीर्तनकार चंद्रभानबुवांना बोलावणं धाडलं. कीर्तनाचा पूर्वरंग हॉल्टवर, निंबाखाली. आख्यान चालत्या गाडीत. पूर्वरंग ऐकून आख्यान टाकून घरी जाईल असा माणूस त्या पंचक्रोशीत नव्हता. कुंताबाईला त्यांनी वेगळं बाजूला घेतलं. "बाबूनं पुसलं तर रोज साठ जण बसते म्हणजो. रोजची उतारू तूच. तुह्यावरच त्याचा भरोसा बसन."

तिनं मान हलवली खरी, पण मनातून नाही.

त्या सकाळी बुवांचा अभंग रंगात आला आणि गाडीनं शिट्टी दिली. बुवांनी तिथंच वीणा गळ्यातून काढली आणि डब्यात चढले. मागोमाग सारं गाव. तानबाची तिकिटं पहिल्यांदाच संपली. मृदंगवाल्याला जागा मिळाली ती कुंताबाईच्या वांग्यांच्या टोपलीवर. आख्यान लागलं राज्य गेलं, बायकोपोर गेलं, तरी दिला शब्द न मोडणाऱ्या राजाचं. बुवा एका हातानं खिडकीचा गज धरून उभे, दुसऱ्या हातात चिपळी, धोतरावर इंजिनाची काजळी. राणी मेल्या लेकराला घेऊन मसणात आली तेव्हा डब्यात हुंदका फुटला, आणि कोपऱ्यात मोजणीला बसलेल्या बाबूनं पेन्सिल कानामागं ठेवून डोळे पुसले.

पुलगाव आलं. गजर झाला, माणसं भराभर उतरून पांगली. बाबूनं कागद पाहिला तर तो कोराच.

तो टोपल्या उतरवणाऱ्या कुंताबाईजवळ आला. किती जण बसले, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं की आज लय बसले. मग त्यानं विचारलं, "आणि रोज?"

फलाटावर दहा पावलांवर पुंडलिकराव उभे होते. कुंताबाईच्या जिभेवर साठ आले आणि तिथंच अडले. कानात अजून चिपळी वाजत होती. आता खोटं बोलायचं तर त्या राजाला तोंड कसं दाखवायचं?

"रोज मी एकलीच असतो, साहेब. बाजाराच्या दिवशी पाच-सा. आजचे लोक किर्तनाचे."

बाबूनं कानामागची पेन्सिल काढली. "मग गाडी थांबवायची कोणासाठी?"

"माह्यासाठी," कुंताबाई म्हणाली. "मी रोज असतो ना."

बाबूनं लिहिलं. आकड्यापेक्षा बरंच लांबलचक लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, आणि काय लिहिलं हे विचारायचा धीर झाला नाही.

पुंडलिकराव जवळ आले. ओरडले नाहीत. "आख्यान आमी ठेवलं," ते म्हणाले, "अन् लागलं तुले."

दुसऱ्या दिवशी ती तासभर आधीच हॉल्टवर पोचली. हुकूम कधी येईल, काय येईल, तानबालाही ठाऊक नव्हतं. निंबाखाली पुंडलिकराव पिशवी घेऊन बसले होते. पिशवी रिकामी.

"पाटील, पुलगावले काय काम काढलं?"

"काई नाई." त्यांनी नजर रुळांवरच ठेवली. "साठ म्हणतलं होतं म्या. एक तर झाला."

बघता बघता गाडीची वेळ होऊन गेली. कुंताबाई खाली बसली, उठली, पुन्हा बसली. मग गुडघा धरून रुळाच्या कडेला गेली आणि धूर दिसतो का ते पाहत राहिली.