बाळासोंच्या बाटलीतला खडा

मित्रांनो, मी एक जुना पाषाण आहे. सह्याद्री ज्या कुळातला, त्याच कुळातला. फरक इतकाच, की सह्याद्री धरणीच्या पोटी जन्मला आणि मी शिवाजी पेठेतल्या बाळासोंच्या. मला मुतखडा म्हणतात.

बाळासो इचलकरंजीला मागावर कामाला होते. शेडमध्ये मरणाचा उकाडा. पण पाळी संपेपर्यंत ते पाण्याला शिवायचे नाहीत, चहावर चहा मात्र ढोसायचे. मी निवांत वाढलो. १९६६ साली डॉक्टरांनी पोट फाडून मला बाहेर काढलं आणि बाळासोंनी मला काचेच्या बाटलीत घालून कपाटावर मांडलं.

तिथून माझी नोकरी सुरू झाली. पाहुणे आले, की चहाच्या आधी मी.

"बघा की पावणं! लिंबाएवढा हाय!"

खरं तर मी सुपारीएवढा. पण बाळासोंच्या तोंडी मी वर्षागणिक फुगत गेलो. मागोमाग सदरा वर करून पोटावरचा व्रण, मग टाके, मग रक्त. पाहुणे चहा निम्मा ठेवायचे. रोज तेच तेच ऐकून दगडालासुद्धा पेंग येते हो.

दाराआडून त्यांची बायको शालूबाईही हे सगळं ऐकायची.

१९८८ साली तिच्या कुशीत कळ उठली. तिलाही खडा. गडबडा लोळायची, पण ऑपरेशनचं नाव काढू देईना.

"मेलो तरी कापून घेत न्हाई," ती म्हणायची. "इतकी वर्सं ऐकतोय की!"

शाहूपुरीतले डॉक्टर म्हणाले, खडा वाटेत अडकलाय, असाच राहिला तर मूत्रपिंड निकामी होईल.

"मावशी, मुंबईत आता लेसर आलाय," डॉक्टर म्हणाले. "लघवीच्या वाटेनं बारीक नळी घालायची, प्रकाशाचा झोत सोडायचा, की खड्याचा चुरा."

"आन् टाकं?"

"एकही नाही."

शालूबाई मुंबईला गेली आणि आपल्या पायांनी चालत परत आली. सगळी गल्ली बघायला लोटली.

"खडा कुठं हाय?" बाळासोंनी विचारलं.

"चुरा झाला. गेला वाहून."

"अगं, चिमूटभर तरी आणायचा! आता लोकास्नी दावायचं काय?"

"मला दावा की! जित्ती हाय न्हवं?"

मग तिनं बाटली उचलली, मला अंगणातल्या जास्वंदीच्या कुंडीत फेकलं आणि बाटली घासून तीत मीठ भरलं.

बरंच झालं. उजेडानं ज्याचा भुगा होतो, त्यानं तोरा तरी किती मिरवायचा? दमलो होतो मी. तेव्हा मित्रांनो, पाणी भरपूर प्या. दुखलं तर वेळेवर दवाखाना गाठा. बाटलीतल्या दगडांना घाबरून दुखणं अंगावर काढू नका.

आणि जमलं तर एक बारीक काम करा. शेजारच्या धोंडुबाई रोज सकाळी फुलं तोडायला येतात, मला गोल गरगरीत बघून हळदकुंकू वाहतात आणि डोळे मिटून हात जोडतात. मी कुठून आलो, ते त्यांना कुणीतरी हळूच सांगा.