शर्जीतली मागणी

इराणच्या वाळवंटातल्या यझ्दचे मिठाईवाले यदुल्ला यांना आपल्या गावच्या उन्हाचा भारी अभिमान. मुलासाठी बूशहरला मागणी घालायला निघाले तेव्हा त्यांच्या पत्नी बद्रीखानम म्हणाल्या, "अहो, लोकरीचा कोट नको. समुद्रावर शर्जी असते म्हणे, दमट हवा, नुसती चिकचिक."

"बेचाळीस अंशांत भट्टीपुढे उभा राहतो मी. तिथं चौतीस आहे, चौतीस! शाल घेऊ का बरोबर?"

बूशहरच्या विमानतळातून, त्या गारव्यातून, ते बाहेर पडले आणि चष्मा एकदम पांढरा झाला. समोर कुणीतरी हात पसरून उभं आहेसं वाटलं. "या व्याहीबुवा!" म्हणत त्यांनी मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले.

"चाचा, टॅक्सी हवीय का?" तो माणूस म्हणाला.

खरे व्याही, नाखवा गनी, शेजारीच पोट धरून हसत होते. त्यांच्याजवळ उभा असलेला सोहराब, म्हणजे यदुल्लांचा मुलगा नि नवरदेव, जमिनीकडे बघत होता.

घरी पोचले तर वीज गेलेली. यदुल्लांच्या पाठीवरून घामाचे ओहोळ वाहत होते, पण कोट काढेनात. मागणी घालायला बिनकोटाचं बसणं त्यांना बरं दिसेना. नाखवांच्या मुलीनं, मर्जाननं, बर्फ घातलेलं सरबत आणलं. ग्लास उचलताच यदुल्लांच्या मांडीवर टपटप पाणी पडलं.

"पोरी, ग्लासाला तडा गेलाय."

"नाही काका, ते हवेतलं पाणी. इथली हवा इतकी भरलीय, की जरा गार वस्तू दिसली की तिच्यावर दव धरतं. आज तीस अंशांवरच धरतंय. तुमच्याकडे त्यासाठी जवळजवळ बर्फाइतकी थंडी लागेल."

"त्याचा मला काय त्रास?"

"तिकडे घाम आला की वाळतो, अंग निवतं. इथल्या हवेत त्याला जागाच नाही."

"मग माझा घाम जाणार कुठं?"

"कोटात," बद्रीखानम म्हणाल्या.

विषय बदलावा म्हणून यदुल्लांनी मिठाईचा डबा उघडला. साखरेच्या केसांसारख्या तारांचं पश्मक, त्यांच्या दुकानाची शान. ताट नाखवांच्या म्हाताऱ्या आईपाशी पोचेतो तो पांढरा ढीग सगळ्यांदेखत खाली बसला. आजींनी चिमूट घेतली, तर अख्खा गोळाच बोटांना चिकटून वर आला.

"ओढ गं कुणीतरी!" आजी ओरडल्या.

यदुल्लांना रडूच यायचं बाकी होतं. ते उठायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. नाखवांनी दंड धरला. "चला. आधी माणूस वाचवू, मग सोयरीक बघू."

थोड्या वेळानं यदुल्ला परतले ते नाखवांची चौकड्याची लुंगी नि ढगळ सदरा घालून, डोक्यावर ओला पंचा. कुणी हसलं नाही. आजी तेवढ्या हसल्या. पश्मकाचा गोळा सुरीनं कापला होता, तो सगळ्यांनी चहाबरोबर खाल्ला. "चवीला एक नंबर आहे हो," आजी म्हणाल्या, तेव्हा यदुल्लांना खरंच बरं वाटलं.

बोलणी झटपट झाली. "माझी एकच अट," यदुल्ला म्हणाले, "लग्न हिवाळ्यात."

"मंजूर. आमचीही एक. नवऱ्याच्या बापानं हाच पोशाख करायचा."

यदुल्लांनी आशेनं बायकोकडे पाहिलं. ती मोबाइलवर त्यांचा फोटो नणंदेला पाठवण्यात गुंग होती.