बाकीच्यांनी सरळ दाराने जावे

"उघडला! अहो, उघडला!"

रंगवाली एवढ्या जोरात किंचाळली की खाली टायरच्या दुकानात हवा भरणाऱ्याने पंप बंद करून वर बघितलं. आमच्या नकाशांच्या कचेरीतली अठरा शिकलीसवरलेली माणसं एका संगणकाभोवती घोळका करून उभी होती. सगळ्यांचे मोबाइल बंद करून फरशी पुसायच्या बादलीत ठेवलेले, बाकीचे सतरा संगणक बंद, आणि संगणकापुढे बसलेली रंगवाली सोडून सगळ्यांचे डोळे मिटलेले. एरवी जो नकाशा उघडायला चाळीस मिनिटं लागायची, तो दोन मिनिटांत पडद्यावर हजर! धरण, कालवे, रस्ते, सगळं कसं लख्ख. रंगवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती नकाशांत रंग भरते, आणि गेलं वर्षभर तिने रंगांपेक्षा ती गोल फिरणारी चकतीच जास्त बघितली होती.

"बघितलंत?" वेगगुरू म्हणाले. "इंटरनेट कधीच मंद नसतं. मंद आपण असतो."

अंगात काळा कोट, गळ्यात ओळखपत्र, आणि त्या ओळखपत्रावर फक्त स्वतःचा फोटो. बाकी काही नाही. "मी बाबा-बुवा नाही हं, मी सल्लागार," असं ते दर दहा मिनिटांनी सांगायचे. "पॅकेट म्हणजे जीव. राऊटर म्हणजे देह. आणि ती चकती फिरते ना, ते काय असतं? आपल्याच मागच्या चुका फिरत असतात!"

"अगदी, अगदी," आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या. या बाई म्हणजे आमच्या कचेरीच्या प्रमुख. त्यांनी आयुष्यात कुणाला 'अगदी' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

माझा स्वभाव वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. सगळे डोळे मिटून उभे होते तेव्हा मी एक डोळा उघडा ठेवून बादलीतले मोबाइल मोजत होते.

तर हे सगळं सुरू झालं एका पत्रावरून. आमची मुख्य कचेरी दुसऱ्या शहरात आहे आणि तिथे कुणीतरी शुद्ध भाषेचा मोठा अभिमानी बसलाय. तो राऊटरला 'मार्गदर्शक' म्हणतो. त्याचं पत्र बाईंनी फलकावर लावलं: "वेग वाढविण्यासाठी: भुयारातून फक्त नकाशे न्यावेत. बाकीच्यांनी सरळ दाराने जावे."

झालं! कचेरीत भुयार आहे म्हणे! आम्ही सगळे येडे झालो. आमचे रेषामास्तर, म्हणजे ज्यांच्या हातची रेघ केसाइतकीही हलत नाही असा गंभीर माणूस, पट्टी घेऊन गुडघ्यांवर रांगत फरशी ठोकून बघायला लागले. "इथे पोकळ वाजतंय!" वाजणारच, खाली टायरचं दुकान होतं. शेवटी दुकानदार वर आला आणि म्हणाला, "आता अजून एकदा ठोकलंत तर मी वरून खाली येणारा जिनाच काढून टाकीन."

तेवढ्यात रंगवाली म्हणाली, "माझ्या जावेच्या ऑफिसात एकजण येतात. ते भुयार उघडतात. डोळ्यांना न दिसणारं."

आणि आले.

पहिल्या दिवशीचा चमत्कार तुम्ही बघितलाच. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मोबाइल चालू केले, संगणक चालू केले, आणि चकती पुन्हा सुखाने फिरायला लागली. गुरुजींनी भुवया चढवल्या, तारांच्या खोलीत गेले आणि आतून ओरडले, "सापडलं! गाठी!"

त्या गाठी माझ्या मामाच्या होत्या.

मामा म्हणजे माझा सख्खा मामा, पण कचेरीत त्याला सगळेच मामा म्हणतात. बावीस वर्षांपूर्वी इथली पहिली तार त्याने ओढली आणि नंतरचीही प्रत्येक तार त्यानेच. तारा सगळ्या करड्या, एकसारख्या. म्हणून मामी शिवणकामातले कापडाचे तुकडे द्यायची आणि मामा प्रत्येक तारेला एकेक चिंधी गाठ मारून बांधायचा. रंगवालीची पिवळी, रेषामास्तरांची चौकटीची, बाईंची जांभळी. रस्त्यावरून आत येणाऱ्या मुख्य तारेला लाल. विचाराल ती तार तो डोळे झाकून काढून द्यायचा.

"प्रत्येक गाठीत वेग गुदमरलाय," गुरुजी म्हणाले, आणि कात्रीने कचाकच सगळ्या चिंध्या कापून टाकल्या. "ज्याने या बांधल्या त्याचा हात जड आहे. तो हात या वास्तूत आहे तोवर भुयार टिकायचं नाही."

मामा दारातच उभा होता. हातात पेचकस. तो वाकला आणि कापलेल्या चिंध्या एकेक करून खिशात टाकायला लागला.

मी तडक बाईंच्या खोलीत शिरले. "बाई, यात कसला आलाय चमत्कार? एका नळावर अठरा बादल्या लावल्या की धार बारीकच होणार. सतरा काढल्या की मोठी होणार. त्यांनी फक्त बाकीच्यांना बंद करायला लावलं!"

"असेलही," बाई म्हणाल्या. "पण मी वर्षभर सांगतेय, कामाच्या वेळी मोबाइल ठेवा. तुझ्यासकट कुणी ठेवला का? त्यांनी एका मिनिटात अठरा जणांचे बादलीत ठेवून दाखवले. हा चमत्कार नाही तर काय?"

मी रागाने खोलीचं दार उघडलं, तर समोरच गुरुजी आणि रेषामास्तर.

गुरुजींनी बहुतेक दाराशी ऐकलं असावं. "ताईंना शंका आहे," ते गोड हसले. "असावी! शुक्रवारी सगळे मोबाइल चालू ठेवा. सगळे संगणक चालू ठेवा. मी भुयारपेटी आणतो. वेग नऊशे दाखवीन. आत्ता किती आहे?"

"चार," रेषामास्तर म्हणाले.

"आणि नऊशे दिसला, तर तो जड हात त्याच दिवशी इथून जायला हवा."

बाईंनी मान डोलावली. मामाला निवृत्त व्हायला दोन वर्षं बाकी होती.

त्या संध्याकाळी मी मामाच्या घरी होते. मामा ताटावर बसला आणि तसाच बसून राहिला. मामीने दोनदा म्हटलं, "जेवा ना हो." त्याने कापलेल्या चिंध्या खिशातून काढून टेबलावर ठेवल्या आणि मला विचारलं, "पोरी, खरंच माझ्या गाठींनी असेल का गं?"

मला रडूच फुटलं. नोकरी जायची ती जाईल, पण बावीस वर्षं तारा ओढलेल्या माणसाला गाठीने वीज अडते असं वाटायला लागावं? "मामा, तू वेडा आहेस का?" मी ओरडले. "तूच मला शिकवलंस ना, शंका आली की आधी तार काढून बघायची!"

"हो," तो म्हणाला, "पण तो माणूस एवढा खात्रीने बोलतो."

शुक्रवार उजाडला. गुरुजी सकाळी आठलाच येऊन तारांच्या खोलीत बसले. अकरापर्यंत कुणी संगणकाला हात लावायचा नाही अशी ताकीद. अकराला दार उघडलं. आत एक काळी पेटी, तिच्यातून निळा उजेड झिरपत होता, आणि तिला एवढी कुलपं की रंगवाली हळूच म्हणाली, "आत जिवंत काहीतरी असणार."

"ही उघडली की वेग मरतो," गुरुजी म्हणाले. "आता लावा संगणक!"

अठरा पडदे उजळले. प्रत्येकावर गुरुजींचा वेगमापक. काटा थरथरला, सरकला आणि थेट नऊशेला जाऊन चिकटला! अठराच्या अठरा! कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी टेबल वाजवलं. रेषामास्तर, तोच गंभीर माणूस, खुर्चीत बसून स्वतःभोवती गोल फिरले. गुरुजींनी धरणाचा नकाशा उघडला, चुटकीसरशी. बर्फाच्या डोंगराची फिल्म लावली, एकदाही अडकली नाही.

मोबाइल चालू, संगणक चालू. माझी अठरा बादल्यांची गोष्ट पाण्यात गेली होती.

बाईंनी एक कागद मामापुढे ठेवला. 'स्वेच्छेने काम सोडत आहे.' मामाने खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं आणि कागद जवळ ओढला.

"अहो, ही तार कुणाची?"

फरशी पुसणारी मावशी तारांच्या खोलीतून बाहेर आली होती. एका हातात पोछा, दुसऱ्या हातात करडी तार. "सकाळपासून पायात येतेय. टोक बादलीत पडलं होतं, मी पुसून ठेवलंय. पण लावायची कुठं?"

"हात लावू नका!" गुरुजी गरजले.

मामाने पेन खाली ठेवलं. जवळ गेला, तार बोटांतून सरकवत नेली आणि एका जागी थांबला. तिथे उंदराने कुरतडलेलं होतं आणि वर मामानेच पूर्वी गुंडाळलेली चिकटपट्टी होती.

"ही लाल चिंधीची," तो म्हणाला. "ही रस्त्यावरून आत येते."

"मग?" बाईंनी विचारलं.

"बाई, आपल्याकडे इंटरनेट येतं ते फक्त हिच्यातून. आणि ही इथे मावशीच्या हातात आहे."

मग अठरा माना वळल्या पडद्यांकडे. अठरा काटे नऊशेवर! तार मावशीच्या हातात आणि वेग नऊशे!

मला हसू असं काही फुटलं की मी टेबलाला धरून उभी राहिले.

"भुयाराला तार लागतच नाही!" गुरुजी म्हणाले. आवाज मात्र चिरका झाला होता.

"वा वा!" मी म्हटलं. "मग या भुयारातून बाईंना एक मेल पाठवा. दोनच शब्द. त्यांच्या मोबाइलवर येऊ दे, त्याला सिमचं वेगळं नेट आहे."

आता माघार घेणार कुठे? गुरुजींनी 'शुभ वेग' लिहून पाठवलं. पडद्यावर चकती आली. फिरली. फिरतच राहिली.

मावशीने मान वाकडी करून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "यांच्या मागच्या चुका फिरतायत वाटतं."

मग जो हशा उसळला! मोठ्या बाई तोंडाला पदर नव्हता म्हणून फाईल लावून हसल्या. खालून टायरवाला ओरडला, "आता काय सापडलं?"

मामाने पेचकसाने पेटीची मागची पट्टी काढली. कुलपं पुढेच होती. आत एक छोटा साधा संगणक, एक निळा दिवा आणि वजन यावं म्हणून फरशीचे दोन तुकडे.

"सोपं आहे हो," मामा म्हणाला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच सगळे त्याचं ऐकत होते. "आपले संगणक या पेटीशी बोलतायत, आणि पेटी इथेच आहे. शेजारच्या खोलीत जायला कितीसा वेळ? तोच वेग मापक दाखवतोय. नकाशा, डोंगर, सगळं आधीच आत भरून ठेवलंय. पेटीची तार खोचायला एक भोक हवं होतं म्हणून यांनी एक तार उपसली. चिंध्या असत्या तर कळलं असतं कुठली ते."

गुरुजींची पार भंबेरी उडाली होती.

"आणि भुयार?" रंगवालीने विचारलं. "ते खोटंच का?"

"कुठलं भुयार?" मामाने विचारलं. भुयार म्हणजे गुरुजींचीच थाप असं त्याला वाटलं होतं; फलकावरचं पत्र त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. तार ओढणाऱ्याला कशाला दाखवायचं? फलकावरून काढून मी त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! टनेल! ते टनेलबद्दल लिहितायत!"

मग त्याने समजावलं. टनेल म्हणजे पाकिटात पाकीट. आतलं वाटेत कुणी वाचू नये म्हणून बंद करून मुख्य कचेरीला पाठवायचं. नकाशांसाठी ते हवंच. पण आमच्याकडे कुणीतरी सगळंच त्यात कोंबलं होतं. रंगवालीची गाणी, रेषामास्तरांचे सामने, माझ्या चपलांची दुकानं, सगळं आधी दुसऱ्या शहरात जायचं, तिथून जगात, आणि त्याच वाटेने परत यायचं. "भुयारातून फक्त नकाशे न्यावेत. बाकीच्यांनी सरळ दाराने जावे. किती नीट लिहिलंय! मीही वर्षभर हेच म्हणतोय, तीन चिठ्ठ्या दिल्यात."

बाई हळूच म्हणाल्या, "माझ्या खणात आहेत. चुकलं माझं, मामा." आणि तो कागद त्यांनी स्वतः फाडला.

मामाने मुख्य कचेरीला फोन लावला, सांगतील तसं एकेक बदललं. तासाभराने नकाशा लावून बघितला. सहा मिनिटं. मोबाइल चालू, गाणी चालू, मावशीचा पोछाही चालू. नऊशे-बिऊशे काही नाही, पण सहा मिनिटं खरी होती.

या गडबडीत गुरुजी पेटी काखेत मारून भिंतीला चिकटून उभे होते. "मी... कुठून जाऊ?" त्यांनी विचारलं, कारण वाटेत सगळी माणसं होती.

अठरा जण एका सुरात ओरडले, "सरळ दाराने!"

मला राग गुरुजींचा नाही आला एवढा, जेवढा आमचा आला. आम्ही नकाशे काढणारी माणसं. नदी कुठे आहे हे मोजल्याशिवाय कागदावर रेघ मारत नाही, आणि स्वतःच्या कचेरीतली एक तार बघायला कुणी उठलं नाही. कुणी कितीही खात्रीने बोलो, मोजा. डोळे मिटायला सांगितले तर उघडे ठेवा. पेटी उघडू नका म्हटलं तर तीच आधी उघडा. आणि रोज ते काम करणाऱ्याला विचारा, तो आपल्याच कचेरीत असतो.

संध्याकाळी मामाने चिंध्या पुन्हा बांधायला घेतल्या. लाल चिंधी कात्रीने इतकी कापली गेली होती की गाठ बसेना. मोठ्या बाईंनी खाली वाकून तार धरली आणि म्हणाल्या, "मी धरते मामा, तुम्ही बांधा."