अधांतरी टाच आणि मी

हसू नका हं मित्रांनो, पण तुमच्याशी बोलतोय तो एक पंचा आहे. तोही जुना, विरलेला, एका कोपऱ्याला उंदराने चावलेला.

माझा जन्म सोलापूरचा, एका मागावर. लाल काठ, पांढरं अंग, असा रुबाब होता माझा! रत्नागिरीच्या बाजारात दुकानदाराने मालनला शपथेवर सांगितलं, "ताई, रंग अजिबात जाणार नाही." मी मनात म्हटलं, बघू या. पहिल्याच धुण्यात मी तिच्या नवऱ्याचा, भागोजीचा, पांढरा सदरा गुलाबी करून टाकला. मुद्दाम नाही केलं. बरं, थोडंसं मुद्दाम केलं.

भागोजी तोच गुलाबी सदरा घालून मिरकरवाड्याच्या बंदरावर गेला आणि सगळ्यांनी त्याला "नवरदेव" म्हणून छळलं. तरी त्याने मला टाकलं नाही. ट्रॉलरवर मी कधी त्याच्या डोक्याला, कधी कमरेला. घाम पुसायला मी, चहाचा तापलेला टोप उचलायला मी, डुलकी लागली तर उशाला मी. "ह्या पंच्यासारखा भिडू नाय," असं तो खलाशांना सांगायचा. मी तेव्हा असा फुगायचो, की वाळायला दुप्पट वेळ लागायचा.

पुढे भागोजीचे गुडघे कुरकुरायला लागले. ट्रॉलर सुटली. तो धक्क्यावर बसून फाटकी जाळी शिवून द्यायला लागला. त्यातच त्याच्या मुलाने, गौरवने, परदेशातून गुबगुबीत निळे टॉवेल आणले. मग माझी बदली झाली. कुठे? दारात. पायपुसणं म्हणून!

हा गौरव मालवाहू बोटीवर स्वयंपाकी. चव अशी, की कप्तान ताट चाटायचा म्हणे. पण अंगाने बुटका, अगदी बापासारखा. बाप-लेक शेजारी उभे राहिले आणि दोघांच्या डोक्यांवर आडवी फळी ठेवली, तर तिच्यावरचा भरलेला तांब्याही हलला नसता. भागोजीला त्याचं कौतुक. गौरवला मात्र ते सलायचं. फोटोत तो कायम पायरीवर उभा राहायचा. दारातून मला सगळं दिसायचं, मित्रांनो. माणसं आपल्याशी कशी वागतात ते पायपुसण्याइतकं कुणाला कळत नाही.

एकदा तो बॅग घेऊन निघाला. "नवीन बोट, लांबची सफर," म्हणाला. आमच्याकडे दर्यावर गेलेला माणूस महिनोन्महिने दिसला नाही, तरी कुणी काळजीने विचारत नाही. त्याचाच त्याने फायदा घेतला. फोनवर नुसता चेहरा दाखवायचा.

"गौरव, पाठी पडदा कसला रे?" मालन विचारायची.

"नवीन बोट आहे ना आई, सगळी सोय आहे."

भागोजी रोज संध्याकाळी टीव्हीवर वादळाच्या बातम्या बघायचा. कुठल्या समुद्रात वारा वाढलाय ऐकलं, की जेवण अर्धं टाकून उठायचा. नारळी पुनवेला त्याने दर्याला एक नारळ जास्तीचा दिला, पोराच्या नावाचा.

आणि एके दिवशी गल्लीत गाडी थांबली. दोन मित्रांनी गौरवला उचलून आणलं. दोन्ही नडग्यांभोवती लोखंडी कड्या, कड्यांतून सळ्या थेट पायात गेलेल्या. शेजारची जनीआत्या दारातच ओरडली, "बाय गो! बोटीचं मशीन पायात अडकलं काय ह्याच्या?"

"बोटीवर नव्हतो आत्या," गौरव खाली बघत म्हणाला. "उंची वाढवून घेतली."

मित्रांनो, आता नीट ऐका. डॉक्टर नडगीचं हाड कापतात. मग कड्यांचे स्क्रू रोज अगदी थोडे फिरवत राहायचे. दोन तुकडे हळूहळू लांब सरकतात आणि मधल्या फटीत नवं हाड धरतं. गौरवला वाटलं होतं, उंच होऊन, भेटवस्तू घेऊन, ऐटीत घरी यावं. म्हणावं, बोटीवरचं खाणं अंगी लागलं! पण हाड वाढलं तरी पोटरी काही वाढायला तयार होईना. तिने टाच वर खेचून धरली. पोराला एकट्याने उठता-बसता येईना, तेव्हा त्याला घर आठवलं.

भागोजीने त्या सळ्या एकेक करून बघितल्या. मग म्हणाला, "म्हणजे तू बोटीवर नव्हतास?"

"नाही बाबा."

"आणि मी इथं येड्यासारखी वादळं बघीत बसलो होतो."

एवढं बोलून तो मला ओलांडून बाहेर गेला. त्या दिवसापासून बापाने मुलाशी बोलणं टाकलं. जेवायला बसला तरी भिंतीकडे तोंड. "त्याला विचार, भात हवा काय," असं मालनला सांगायचा. मुलगा हातभर अंतरावर!

काही महिन्यांनी कड्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, हाड मजबूत झालंय, पायावर भार द्या. पण भार द्यायचा कसा? डावी टाच टेकली. उजवी मात्र अधांतरी! वरच्या फळीवरचा लाडू पळवायला मुलं उभी राहतात ना, तसा तो वॉकर धरून एका पायाच्या बोटांवर उभा. उकिडवं बसता येईना, संडासला आईचा हात लागायचा. सत्तावीस वर्षांचा बाप्या, लाजेने रडायचा. ती टाच खाली आली नाही, तर आणखी एक ऑपरेशन. आणि टाच टेकल्याशिवाय बोटीवर कोण घेतंय?

घरी व्यायाम शिकवायला शमिका यायची. हसरी पोरगी, पण हाताखाली सापडलात तर देव आठवेल. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकी, लांब पंचा आहे का? गुबगुबीत नको, निसटतो. जुना द्या."

मालनने निळे टॉवेल बाजूला सारले आणि दारातून मला उचललं! गरम पाण्यात बुचकळलं, साबणाने घासलं, उन्हात वाळवलं. निळ्यांचं तोंड बघायला हवं होतंत तुम्ही.

गौरव पाय लांब करून बसायचा. मी त्याच्या तळव्याला विळखा घालायचो, माझी दोन्ही टोकं त्याच्या हातात. पंजा स्वतःकडे ओढायचा आणि धरून ठेवायचा. "ताण हवा दादा, कळ नको," शमिका बजावायची. ती गेली, की हा मला ढिला सोडायचा. मी ओरडून सांगणार तरी कसा?

एका दुपारी त्याने मला भिंतीवर फेकलं. "नाही येत खाली! मरू दे! कापा परत!" मालन स्वयंपाकघरात मुळूमुळू रडत होती. भागोजी ओसरीवर जाळं शिवत होता. त्याने ऐकलं. उठला नाही, पण हातातली सुई थांबलेली मी पाहिली.

दुसऱ्या दिवशी तो धक्क्यावर गेलाच नाही. एक भलंमोठं फाटकं जाळं ओढत घरात आला आणि गौरवला खेटून शेजारी फतकल मारून बसला. जाळं शिवणारा माणूस जाळ्याची कड आपल्याच पायाच्या अंगठ्यात अडकवतो आणि ताणून धरतो. भागोजीने ती कड उचलली आणि सरळ गौरवच्या उजव्या अंगठ्यात अडकवली.

"बाबा?"

"माझे गुडघे दुखतात. खुंटी पायजे. तुझा पाय नायतरी रिकामाच हाय."

कित्येक महिन्यांनी काढलेला पहिला शब्द, आणि तो असा! मी कोपऱ्यात पडून जळफळलो. माझं काम जाळ्याला?

भागोजी हलकेच ताण देऊन शिवायला लागला. पंजा हळूहळू मागे यायला लागला.

"दुखतंय बाबा."

"दुखतंय तर सांग. न सांगता बोटीवर जाऊ नको."

सुई खालीवर होत राहिली. मग भागोजी जाळ्याकडेच बघत म्हणाला, "आपल्या घरात सगळे एवढेच. होडी हलली तरी पडत नाय आपण. एवढी वाईट होती काय रे माझी उंची?"

"तुमची नाही हो बाबा. माझी मलाच पुरत नव्हती."

"मला इचारायचं होतंस."

"नको म्हणाला असतात."

"म्हणालोच असतो! पण मेल्या, पाय कापून घेतलेस तेव्हा तुझ्या उशाशी तरी बसलो असतो."

गौरवचे डोळे भरले. पुसायला काही हवं होतं, म्हणून भागोजीने हात लांब करून कोपऱ्यातून मला ओढलं आणि पोराच्या तोंडावर फेकलं. "पूस. आणि पाय हलवू नको, गाठ सुटते."

शमिकाने आल्यावर जाळं बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. "काका, पाय आहे तो, नांगर नाही! हळू ओढत असाल तर चालेल. पण पंच्याचा व्यायाम चुकवायचा नाही." शाबास पोरी! तेव्हापासून सकाळी मी, दुपारी जाळं. मला ताणायलाही आता भागोजीच बसायचा. गौरव कण्हला की तो बंदरावरच्या भानगडी तिखटमीठ लावून सांगायचा. हसता हसता पोराची पोटरी सैल पडायची आणि हा लबाड हळूच आणखी थोडं ओढायचा.

पावसाळा गेला. एका सकाळी शमिकाने मला जमिनीवर अंथरलं, गौरवला माझ्यावर उभं केलं आणि त्याच्या उजव्या टाचेखालून मला खेचलं. मी निघेना! तिने जोर लावला. मी फाटायला आलो, पण निघेना. टाच माझ्यावर घट्ट रोवून बसली होती. मित्रांनो, आयुष्यभर पायाखाली गेलो, पण असं सुख कधी वाटलं नाही.

मालनने तोंडावर हात धरला. भागोजी गुडघे धरत उठला, मुलासमोर उभा राहिला, आणि त्याला मान वर करावी लागली. डोळे बारीक करून वर बघत त्याने विचारलं, "काय रे, वर वारा कसा हाय?"

गौरव इतका हसला, की तोल गेला. हात पडला तो बापाच्या खांद्यावर.

"धर," भागोजी म्हणाला. "खांदा बरोबर हाताखाली येतो. चल, धक्क्यापर्यंत जाऊन येऊ. उकिडवं बसायचं उद्यापासून."

दोघे हळूहळू गल्लीत उतरले. मी तिथेच चुरगळून पडलो. मालनने मला उचललं आणि पायाखालचा पंचा आहे हे विसरून माझ्यातच तोंड लपवून रडली. मी चावटपणा केला नाही. गुपचूप भिजलो.

तेव्हा मित्रांनो, एवढं ऐका. घरातला जुना पंचा पिळून, झटकून उन्हात घाला, ओला कोंबू नका. आणि कुणी आपल्याच हौसेने दुखणं ओढवून घेतलं, तर "कुणी सांगितलं होतं?" असं विचारू नका. हौसेचं दुखणंही दुखतंच. राग असेल तर असू द्या, पण जवळ जाऊन बसा.