चौथ्या खोलीचा ओटा

"काका, पण सयपाक कुठं करायचा?"

मंजुषा सिस्टरने हे विचारलं तेव्हा धनसिंग खिडकीची कडी किती मजबूत आहे ते दाखवत होता. त्याचा हात कडीवरच राहिला. शेलूबाजारला नुकतीच बदलून आलेली ही नर्स नवऱ्याला, हरीओमला, घेऊन खोल्या बघायला आली होती, आणि चारही खोल्यांत ती एकच गोष्ट शोधत होती.

"मांडा न कुठंबी, ताई. बाहेर अंगण हाये, हवा हाये."

"आन् पाऊस आला त?"

पाऊस आला तर चुलीवर ताडपत्री धरायची, एवढंच धनसिंगला माहीत होतं, आणि ते सिस्टरला सांगण्यासारखं नव्हतं.

धनसिंग आणि त्याची बायको रुपाबाई, दोघांनी अर्धं आयुष्य ऊसतोडीत घातलं होतं. दिवाळी झाली की ट्रक यायचा, तांडा रिकामा व्हायचा. फडाच्या कडेला पाचटाची कोपी उभी करायची. कोपीत फक्त निजायचं, चूल बाहेर तीन दगडांवर. पुढे मोठ्या रस्त्याचं काम निघालं, कंपनीची माणसं गावात उतरली आणि असेल तशी खोली मागेल त्या भाड्याने जाऊ लागली. तेव्हा धनसिंगने बैल विकले, गाठीशी होतं नव्हतं ते घातलं आणि एका ओळीत चार खोल्या बांधल्या. दार, खिडकी, दिवा, पंखा, सगळं केलं. ओटा काही त्याला सुचला नाही. गंमत म्हणजे रुपाबाईलाही सुचला नाही. कंपनीची माणसं मेसमध्ये जेवायची, त्यामुळे काही वर्षं ही चूक कुणाच्या लक्षातही आली नाही.

त्या काळात धनसिंगचा रुबाब काय विचारता! चहाच्या टपरीवर तो लोकांना शहाणपण शिकवायचा. "शेती पान्यावर, मजुरी हातपायावर. भाडं कसं, आपुन झोपलो तरी चालू." ऊसतोडीचा मुकादम गोविंदसिंग याला त्याने भर तांड्यात सांगितलं होतं, "यंदापासून आमची जोडी धरू नको. आमचा कोयता सुटला."

रुपाबाईचं म्हणणं एवढंच होतं, की चारातल्या एका खोलीत आपण राहावं. मागच्या टिनाच्या छपरीत उन्हाळ्यात जीव नकोसा होई.

"एक खोली अडवली का तिचं भाडं बुडालं, समजते का तुले?" धनसिंग म्हणायचा.

तिला समजत होतं. पटत मात्र नव्हतं.

मग रस्ता झाला आणि कंपनी गेली. तोवर गावात ज्याच्या-त्याच्या डोक्यात भाडं शिरलं होतं, जिथेतिथे नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. भाडी उतरली, तरी धनसिंगच्या खोल्या होळीपासून रिकाम्याच. "तेजी गेली, भाऊ," खोल्या दाखवणारा जगदेव सांगायचा. "आता फॅमिली गिऱ्हाईक हाये. फॅमिली पयले ओटा पाह्यते."

सिस्टर आली त्याच सकाळी गोविंदसिंग येऊन गेला होता. शुक्रवारी ट्रक निघणार होता आणि त्याला नवरा-बायकोची एक जोडी कमी पडत होती. "गिऱ्हाईक येऊन राह्यलं, मंग सांगतो," असं म्हणून धनसिंगने त्याला वाटेला लावलं होतं. आता सगळं या सिस्टरवर येऊन थांबलं होतं.

"ओटा टाकून द्या, नळ आत घ्या," जाता जाता मंजुषा म्हणाली. "मंग पाहू. दवाखाना जवळ पडते मले."

धनसिंगने मिस्त्रीची वाट पाहिली नाही. मागे उरलेल्या विटा काढल्या, काळ्या फरशीचा एक तुकडा उधारीवर आणला आणि चौथ्या खोलीत काम धरलं. रुपाबाई विटा देत होती.

"इकडं ये. उभी राय भितीजवळ."

"काहून?"

"उंची पाह्यतो. सिस्टर तुह्याएवढीच हाये."

रुपाबाई भिंतीला टेकून उभी राहिली. त्याने तिच्या कमरेशी कोळशाने रेघ ओढली आणि त्या रेघेवर ओटा बांधला. ओटा थोडा खडबडीत झाला, पण पक्का झाला. शेजारी नळही आत आणला.

गुरुवारी जगदेव आला. सायकलवरून उतरला नाही, एक पाय टेकवूनच बोलला.

"भाऊ, सिस्टरनं नव्या बिल्डिंगीत घेतली. तिथं संडासबी आतच हाये."

"पन म्या ओटा टाकला न."

"माईत हाये, भाऊ." जगदेव हँडलकडे बघत राहिला.

तो गेल्यावर धनसिंगला रडू आलं. तांड्यात गोविंदसिंगला सुनावलेलं आठवलं आणि आपलीच लाज वाटली. रुपाबाईला दिसू नये म्हणून तो उगाच नळाचा नट आवळत बसला. मग उठून त्याने गोविंदसिंगला फोन लावला.

रुपाबाईने सगळं ऐकलं होतं. तिने छपरीतून शेगडी, परात, तवा उचलून चौथ्या खोलीत आणला आणि ओट्यावर मांडला. जन्मभर तिने बसून भाकरी थापली होती. उभ्याने हात बसेना, पहिली भाकर मोडली. दुसरी जमली.

"उंची बरोबर झाली," ती म्हणाली.

धनसिंग भिंतीला पाठ लावून जेवला. कंपनीच्या माणसांना त्याने त्या भिंतीवर खिळाही ठोकू दिला नव्हता.

शुक्रवारी ट्रक तांड्यातून भरूनच आला. जगदेव किल्ल्या घ्यायला आला. धनसिंगने त्याच्या हातावर तीन किल्ल्या ठेवल्या.

"आन् चौथी? फॅमिली आली त ओटेवालीच खोली मागन."

"मागू दे. थे खोली भाड्याची नाई."

"खाली ठिवान काय सा महिने? भाडं बुडन न, भाऊ."

"बुडू दे," धनसिंग म्हणाला. "तिच्यात आमी राह्यतो."

जगदेवने एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि किल्ल्या खिशात टाकल्या.

"तवा घेतला का वं?" ट्रकमध्ये चढता चढता धनसिंगने विचारलं.

"छपरीतला जुना घेतला. चांगला ओट्यावर ठिवला. घरात कायतरी रायलं पायजे."

त्याने चौथी किल्ली तिला दिली. रुपाबाईने ती ओढणीच्या टोकाला बांधली, गाठ एकदा ओढून पाहिली आणि कोयते पायाखाली सरकवून त्याला बसायला जागा केली.