गुंजनला तलावावर नेलं तेव्हा

माझ्या लेकानं, हेमराजनं, दारात जाळं वाळत घातलं होतं. गुंजनला तिची आई रीना एवढंच म्हणाली, "जेवाले ये." तिसरीतली पोर, पण मासळी चिरायची विळी ओढली आणि जाळं फाडत सुटली. तिचे डोळे बघून मी, तिची आजी, मागं सरले.

"आसरा लागल्या हायेत तिले," हेमराज म्हणाला. "शनवारी तलावात बुडवतो. सोडून जातीन."

आम्हा मासेमार ढिवरांची ही जुनी समजूत. पाण्यातल्या साती आसरांनी, जलदेवतांनी, धरलेलं लेकरू पाण्यातच सोडवायचं. माझा धाकटा भाऊ मनिरामही असाच होता. जरा मनाविरुद्ध झालं की भिंतीवर डोकं आपटायचा. बापानं त्याचं डोकं पाण्याखाली दाबून धरलं होतं. बुडबुडे येत राहिले, मग थांबले. तो वाचला, पण राग गेला नाही. ढिवराचं पोर असून जन्मभर मासेमारीच्या डोंग्यात बसला नाही.

म्हणून रीना आणि मी गुंजनला भंडाऱ्याला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "भडका नसतो तेव्हा कशी असते?"

"तवाबी चिडूनच असते, बाई. घरी तशी, शाळेत तशी. सालभर झालं," रीना म्हणाली.

"हा हट्ट नाही, कुणी धरलेलंही नाही. मनाचा आजार आहे. उपचार आहेत, वेळ लागेल. भडकली की ओरडू नका. धारेच्या वस्तू उचला आणि जवळ थांबा."

घरी येऊन हे सांगितलं तर हेमराज हसला. "डाक्टरनीले आसरा का मालूम? ते मासोळी बाजारातून आनते!"

शनिवारी त्यानं पोरीला पाण्यात नेलं. ती रडली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

"बाबा, त्या नाई गेल्या त मले पान्यातच ठेवशीन का?"

हेमराजचा हात तिच्या डोक्यावर होता. मी लुगड्यासकट आत शिरले. "पयले मले बुडव."

"सरक, माय!"

तेवढ्यात गुंजन भडकली. बापाच्या हाताला कडकडून चावली, ओरबाडू लागली. त्यानं हात उगारला.

"ओरडू नोको. मारू नोको. थांब फक्त," मी म्हटलं.

तो थांबला. हातातून रक्त येत होतं. पोर किंचाळत राहिली, मग हळूहळू थकली आणि त्याच्याच अंगावर कलंडली. त्यानं तिला उचललं.

"माय, हे रोजच होईन त?"

"होईन," मी म्हणाले. "रोज थांबा लागन."